चाखणाऱ्याचे डोळे

पूर्वी वेणुमती नगरीत सुबाहू राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पदरी चाखणारा होऊन राहत. नाव शीलक. राजाच्या पंगतीत जे वाढले जाई, ते आधी शीलक चाखत. चाखणारा घटकाभर धड उभा राहिला की पंगत बसायची, अशी तिथली रीत.

एकदा सैन्य लढाई जिंकून परतले. मेजवानीचे मद्य कुंभक नावाच्या व्यापाऱ्याने पुरवले. त्याने पेलाभर पेटवून दाखवले. ज्योत स्वच्छ निळी, म्हणजे मद्य अस्सल. दरबार खूश झाला. शीलकांनी दुसरा पेला भरून रिकामा केला. वासात, चवीत कुठेच खोट नव्हती. पेला ठेवताना मात्र रांजणाच्या गळ्याशी आतून त्यांना लाखेचा थर दिसला; रांजण आधी रंगाऱ्याकडचा असावा. लाख विरघळवायला रंगारी लाकडाचा अर्क वापरतात. तो चुकून प्यायलेले रंगारी शीलकांनी पाहिले होते. पहिल्या दिवशी ते हसतखेळत असत, दुसऱ्या दिवशी भिंती चाचपत.

घटका सरली. सेनापती म्हणाला, "खांबासारखा उभा आहे की. वाढा आता."

"महाराज, सकाळपर्यंत कुणाला थेंबही देऊ नका," शीलक म्हणाले. "यात लाकडाचा अर्क आहे. तो जिभेला कळत नाही, ज्योतीला कळत नाही. अंगात सावकाश भिनतो."

कुंभक हसला. "रांजण जुने आहेत, महाराज. आणि चाखणाराही."

राजा चिडला. "एवढे शिपाई ताटकळत ठेवू? सकाळी तू ठणठणीत निघालास तर?"

"तर माझे डोके घ्या."

दरबाराला मौज वाटली. शीलकांना मात्र पुरते कळत होते. बरे राहिलो तर मान जाणार, शंका खरी ठरली तर डोळे. त्यांना भीती वाटली, पण त्यांनी शब्द फिरवला नाही. वैद्यांना तेवढे जवळ बसवून घेतले. राजाने रांजणांना मोहर लावली.

सकाळी लख्ख ऊन पडले. शीलक भिंत धरून दरबारात आले. "आज धुके फार आहे," ते म्हणाले.

राजाने खाली उतरून त्यांचा हात धरला आणि रांजण खड्ड्यात रिकामे करवले. वैद्यांनी जीव वाचवला, दृष्टी गेली ती गेलीच. राजा कुंभकाला सुळावर द्यायला निघाला.

"नको, महाराज," शीलक म्हणाले. "मला आता वाट दाखवायला माणूस लागेल. तो मला द्या."

कुंभकाने जन्मभर त्यांचा हात धरला.

पूर्वजन्मीची एवढी कथा भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्षू उत्पल. शीलक मीच होतो. आणि कुंभक म्हणजे रोज भिक्षेला माझ्यापुढे वाट दाखवत चालणारा हा नंदिल. सोसून क्षमा करण्याच्या या गुणाला क्षांती म्हणतात."

नंदिलाने मान खाली घातली आणि शास्त्यांचे पात्र उचलून घेतले.