रुंद तोंडाचं बीळ

माणसांनी कुंपणं घालायच्या आधीची गोष्ट. एका माळावर बिळांचा संघ होता. घार दिसली की संघातल्या कुणीही कुणाच्याही बिळात शिरावं. नवीन बीळ संघात घ्यायला मात्र सगळ्यांचा होकार लागे.

चिंगी उंदरीण पिल्लांना चाटूनपुसून, आपलं बीळ संघात घ्या म्हणायला त्यांच्यासकट सभेला आली. तिची शेपटी आनंदाने नुसती थरथरत होती. आता पिल्लं माळभर बिनघोर खेळणार!

"घ्या की बिचारीला," चिचुंद्री म्हणाली.

"नाही," खेकडेआजोबा म्हणाले. "हिच्या बिळाचं तोंड एवढंसं. आम्ही आडवे चालणारे, शिरायचं कसं?"

चिंगी गडबडली. आपल्याकडेही कुणी येईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "पण मोठं केलं तर साप येईल हो, आजोबा!"

"आणि आमच्याकडे येत नाही वाटतं?"

चिंगीने पिल्लांकडे पाहिलं आणि घरी जाऊन बिळाचं तोंड उकरायला घेतलं. आजोबा आडवे आत जाऊन आले. "घेतली बाई तुला!"

माळभर जल्लोष चालू असतानाच कुणीतरी ओरडलं, "घार!"

चिंगी घराकडे धावली. आत चिचुंद्रीची पोरं दाटीवाटीने बसलेली. "अगं बाई, माझी पिल्लं?"

शेजारच्या बिळातून आवाज आला, "आई, आम्ही आजोबांकडे! तू तिथेच थांब, इथे जागा नाही."