निळीच्या रांजणाचं झाकण

एका गावात एक रंगारी होता. त्याच्या अंगणात निळीचा रांजण पुरलेला, आणि त्यावर कायम झाकण. परक्याची नजर पडली की नीळ बिघडते, असं तो सांगायचा. त्याच गावातल्या एका कोष्टिणीनं त्याच्याकडून सूत रंगवून घेतलं आणि लुगडी विणली. पहिल्याच धुण्यात रंग उतरला. लुगडी परत आली, गिऱ्हाइकं तुटली आणि तिच्यावर माग विकायची पाळी आली.

रंगारी निळीत भेसळ करतो, असा तिला दाट संशय. तिनं गावच्या पंचाकडे दावा लावला आणि सुनावणीआधी रांजण तपासू द्या म्हणाली. पंचानं चार महिने घोळ घातला आणि मग साफ नाही म्हटलं. का, तर नीळ बिघडेल. झालं! पंचाच्या डोक्यावर नवंकोरं निळं पागोटं होतं. ते गावानं पाहिलं आणि जो तो कुजबुजू लागला.

कोष्टीण तडक राजधानीत मोठ्या न्यायाधीशांकडे गेली. तिथला रिवाज असा, की खटला संपेपर्यंत पंचाच्या मधल्या हुकमांत हात घालायचा नाही. त्यांनी तिला निकालानंतर यायला सांगितलं.

ती जागची हलली नाही. "निकाल दिवाळीनंतर लागणार, महाराज. रंगारी दसऱ्याला रांजण उपसतो. मग मी काय रिकामा रांजण बघू?"

न्यायाधीश विचारात पडले. रिवाज काही वाईट नव्हता, नाहीतर लोक उठसूट धावत आले असते. पण हा हुकूम चुकला असेल, तर नंतर दुरुस्त होणारच नव्हता. दुसऱ्या दिवशी ते गावात हजर झाले.

"नीळ बिघडते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी पंचाला विचारलं.

"रंगाऱ्यानं," पंच म्हणाला आणि ओशाळला. पागोटं सासुरवाडीचं निघालं. त्यानं लाच खाल्ली नव्हती, नुसता आळस केला होता.

न्यायाधीशांनी त्याचा हुकूम फिरवला, पण बेतानं. आत कुणी डोकावायचं नाही. झाकण रंगाऱ्यानंच काढायचं आणि सगळ्यांसमोर सुताच्या दोन लडी बुडवायच्या, एक कोष्टिणीची आणि एक शेजारगावची. लडी वाळल्या, मग धुतल्या. शेजारगावच्या लडीचा रंग पक्का राहिला. कोष्टिणीच्या लडीनं पाणी निळंशार केलं.

कोष्टिणीचा चेहरा उतरला. घाईत सूत न उकळताच दिलं होतं, खळ तशीच राहिली होती, म्हणून रंग आत मुरलाच नाही, असं तिनं कबूल केलं.

"बघा, मी खोटा नव्हतो," रंगारी उसळून म्हणाला.

"नव्हतास ना? मग चार महिने झाकण धरून का बसलास?" न्यायाधीशांनी विचारलं.

तेवढ्या काळात रंगाऱ्याची निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या गावी गेली होती, ती परत आली नाहीत. चूक कळल्यानं कोष्टिणीचा माग मात्र वाचला. ती आता आधी सूत उकळते.

तात्पर्य इतकंच: जे नंतर बघायला मिळणार नाही, ते वेळेवरच बघू द्यावं. बंद झाकणाखाली खरा माणूसही चोर ठरतो.