बरणीत काय आहे?

त्या दिवशी थंडी अशी कडाक्याची पडली होती, की चिंचवणीच्या राजवाड्यात राजा आणि मांजर एकाच शेगडीला बिलगून बसले होते. राजाला हुक्की आली गरमागरम वांग्याच्या भरिताची, वरून कच्च्या तेलाची धार घालून! म्हाताऱ्या हैबती आचाऱ्याने ते केलं. राजाने पहिला घास घेतला आणि दुसऱ्याच क्षणी तो घास ताटाबाहेर पडला.

“अरे, हे तर दिव्याचं करंजेल!”

आता हैबतीचं नाक सर्दीने चोंदलेलं. त्याला वास कुठून येणार? त्याने आपली बरणी पाहिली. बरणीवर ठसठशीत रंगवलं होतं, ‘गोडेतेल’.

कोठीवर सामान भरायचं काम रावबा कोठावळ्याचं. त्याने छातीवर हात ठेवला. “सरकार, बरणीवर जे नाव, तेच मी आत भरतो. आचाऱ्यानेच घोळ केला!”

हैबती हळूच म्हणाला, “महाराज, नाव एकदा रंगवलं ते रंगवलं. आत मात्र रोज नवा पाहुणा. रावबाच्या हाताला जी बरणी रिकामी लागते, तीच तो भरतो.”

“मग शोध की आत काय आहे ते!” राजा गरजला. त्याच्या जिभेवर अजून करंजेल होतं. “पण झाकण उघडायचं नाही, बरणी उचलायची नाही, हलवायची नाही. सगळ्या बरण्यांना चालेल अशी एकच रीत सांग. दिवस मावळायच्या आत सांगितली नाहीस, तर तुझी चूल वेशीबाहेर!”

हैबतीने डोकं खाजवलं. या वयात वेशीबाहेर कोण त्याला स्वयंपाकाला ठेवणार? बराच वेळ तो बरण्यांकडे बघत बसला. मग त्याने रावबाकडे बघितलं आणि मान डोलावली.

“महाराज, रावबाला इथेच पाटावर बसवा. ताट मांडा.”

ताट मांडलं. हैबतीने ‘मध’ लिहिलेल्या बरणीकडे बोट केलं. “रावबा, आज तुझ्या पानात यातलं वाढतो. वाटीभर!”

“अहो दादा, नको! तोंडाला फेस येईल!”

“रिठ्याचं पाणी, महाराज,” हैबती शांतपणे म्हणाला. पुढची बरणी होती ‘मोहरी’. “आणि यातलं?”

रावबाने ओठांवरून जीभ फिरवली. “पोळीबरोबर वाढाल ना?”

“हा मध, महाराज.”

सगळे हसले. रावबाने मान खाली घातली. राजा मात्र हट्टाला पेटला. “अरे, ही रीत कसली? तू तर कोठावळ्यालाच विचारलंस!”

“विचारलं कुठे, महाराज? विचारलं तेव्हा तो खोटं बोलला. मी नुसतं वाढतो म्हटलं!”

“असं का? थांब!” राजा तडक आत गेला. आपल्या हाताने एक बरणी लाखेने बंद करून घेऊन आला. “ही रावबाने पाहिलेलीही नाही. आता कर तुझी रीत!”

“ही कुणी भरली, महाराज?”

“मी स्वतः!”

“मग रात्री महाराजांच्या पानात यातलंच वाढीन. दुसरं काही नाही.”

“वा रे वा! म्हणजे एवढ्या थंडीत मी रात्रभर उपाशी राहू?”

हैबतीने हात जोडले. “रिकामी आहे, महाराज!”

राजा असा खदखदून हसला, की मांजर शेगडी सोडून पळालं. “आचारी वेशीच्या आतच राहील! आणि उद्यापासून रावबा माझ्याआधी जेवेल, रोज! हैबती, तुझं बक्षीस याच बरणीत घालून देतो.” बरणी आत गेली, आणि पुन्हा लाख लावून बाहेर आली.

ती छातीशी धरून हैबती घरी निघाला. शेजारची यसूबाई दारातच उभी होती. राजवाड्यातली सगळी गोष्ट तिच्या कानावर आधीच आली होती.

“दादा, काय आहे हो बरणीत?”

“महाराज म्हणाले, बक्षीस आहे. रात्री जेवायला ये, यातलंच वाढतो.”

“येते की!” यसूबाई म्हणाली. “पण दादा, माझ्या शेजारच्या पाटावर आधी महाराजांना बसवा!”