मागच्या काचेवरच्या टिकल्या

“पण उस्ताद, दांडा लाल टिकलीवर आला की स्टेअरिंग दीड वेढा फिरवायचं, का पावणेदोन?”

झाडाखाली बसलेल्या उस्तादांनी चहावर फुंकर मारली.

“सांगा की! माझ्यापुढं दोनच माणसं राहिलीत.”

उस्तादांनी आणखी एक फुंकर मारली.

उस्ताद म्हणजे दस्तगीर मुजावर. सकाळी दर्ग्याची झाडलोट करायची आणि मग दिवसभर लोकांना गाडी शिकवायची, हा त्यांचा नेम. तालुक्यात सांगतात, की एकदा ऐन घाटात गुळाच्या ट्रकचे पुढचे सगळे गिअर गेले, तेव्हा हा माणूस अख्खा घाट उलटा उतरला. तोही डोळे मिटून. ढेपेचा टवकासुद्धा उडाला नाही. वाटेत भेटलेला एस.टी.चा ड्रायव्हर म्हणे, आपलीच गाडी उलटी चाललीय या भीतीनं कडेला थांबून पाणी प्यायला. ज्यांनी हे पाहिलं नाही, ते तर शपथेवर सांगतात.

अशा माणसाची शिष्या लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती.

इंदुमती शेडबाळेचं बांगड्यांचं दुकान चार चाकांवर होतं. आज हा बाजार, उद्या तो. व्हॅन नवरा चालवायचा, पण साखरेनं त्याची नजर गेली. तेव्हापासून दीर चालवत होता, आणि दीर सोमवारी पुण्याला नोकरीवर निघणार होता. सोमवारपासून जत्रा सुरू. आज लायसन्स मिळालं नाही तर व्हॅन दारात आणि बांगड्या खोक्यात.

बाई तशी तोऱ्याची. गिऱ्हाइकानं हात पुढं करायच्या आत माप सांगायची आणि चुकली तर डझनभर बांगड्या फुकट देईन म्हणायची. अजून एकीलाही फुकट मिळाल्या नव्हत्या.

पण मैदानात फक्कीच्या रेघा आखलेल्या, मातीच्या डब्यांत दांडे उभे केलेले, आणि त्या गल्लीतून गाडी मागं घ्यायची म्हटली की तिचा सगळा तोरा उतरायचा. म्हणून तिनं युक्ती काढली होती. दुकानातल्याच टिकल्या मागच्या काचेवर डकवल्या. दांडा लाल टिकलीवर आला की वळवायचं, हिरवीवर आला की सरळ करायचं, निळीवर आला की थांबायचं. घराच्या अंगणात हे बिनचूक जमायचं.

“गेल्या खेपेला दांडा पाडलास,” उस्ताद म्हणाले, “तेव्हा बघत कुठं होतीस?”

“टिकलीकडं.”

“आणि दांडा?”

“तो…” इंदुमती अडखळली. “तो टिकलीच्या मागं गेला होता.”

उस्तादांनी कप खाली ठेवला. व्हॅनच्या मागं गेले, दार वर उचललं, आणि नखानं लाल टिकली खरवडून काढली.

“अहो उस्ताद! काय करताय!”

हिरवी निघाली.

“पाया पडते तुमच्या, निळी तरी राहू द्या! थांबायचं कुठं मग मी?”

निळीही निघाली. उस्तादांनी तिन्ही टिकल्या तिच्या तळहातावर ठेवल्या.

“नुकसान कशाला. बाजारात वीक.”

इंदुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. दीर, सोमवार, जत्रा, सगळं त्या पुसलेल्या काचेतून तिला आरपार दिसायला लागलं. पुढचा माणूस गाडीतून उतरला, मान खाली घालून. आडवा पडलेला दांडा कुणीतरी पुन्हा उभा करत होतं.

“उस्ताद, आज काही तरी सांगा हो. एकच गोष्ट सांगा.”

उस्तादांनी मैदानाच्या त्या टोकाला बोट केलं. परीक्षा घेणाऱ्या मॅडम हात उंच करून कुणाला तरी बोलवत होत्या.

“मॅडमच्या बांगडीचं माप काय?”

“सव्वादोन,” इंदुमती डोळे पुशीत म्हणाली. “पण डावा हात जरा जाड असणार. अहो, ही काय वेळ आहे का…”

ती थांबली. माप तिनं नुसत्या नजरेनं सांगितलं होतं.

उस्ताद झाडाखाली जाऊन बसले. कप उचलला. चहा निवला होता, तरी त्यांनी फुंकर मारली.

“शेडबाळे!” मॅडमनी हाक दिली.

इंदुमती व्हॅनमध्ये बसली. तिनं रिव्हर्सचा गिअर टाकला, मान वळवली आणि सवयीनं लाल टिकली शोधली.

टिकली नव्हती. दांडा होता. बारीक, पिवळा, थोडा वाकडा. एवढे दिवस तो वाकडा आहे हेच तिला माहीत नव्हतं.

गाडी हलली…

शेवटच्या दांड्याजवळून जाताना आरसा त्याला घासल्यासारखा वाटला. दांडा डुलला. मैदानातल्या सगळ्यांनी श्वास रोखला. डुलत डुलत दांडा उभा राहिला.

मॅडमनी मान डोलवली. “या. पास झालात तुम्ही.”

इंदुमती धावत झाडाखाली आली. पदर खोचलेला, चेहरा लाल, आणि तोरा पुन्हा जागच्या जागी.

“उस्ताद, एक दांडा पडला नाही! आता बघा, बाजारातल्या सगळ्या बायकांना शिकवते की नाही. दांडा दिसला की…” ती घुटमळली. हवेत स्टेअरिंग धरून तिनं हात फिरवून पाहिले. एकदा असे, एकदा तसे. “अगंबाई. किती फिरवलं हो मी? तुम्ही बघत होता ना?”

उस्तादांनी गार चहा एका घोटात संपवला.

“मी कुठला बघतोय,” ते म्हणाले. “मी डोळे मिटून घेतले होते.”