सूर सोडायचा दगड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या पणजोबांनीही नुसती ऐकलेली. नेरवडीत सटवाजी गुरव सनई वाजवायचा. गाई रवंथ विसरायच्या, असं म्हणतात. शेजारी त्याचा भाचा लखू दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून उभा असायचा. रिवाज मोठा कडक हो! जाखाईची पालखी नदीला जाऊन देवळात परत येईपर्यंत तो सूर तुटता कामा नये. तुटला तर गावावर अरिष्ट. म्हणून नाकानं श्वास घ्यायचा, गालात हवा साठवायची आणि फुंकत राहायचं.

एका वर्षी ऐन जत्रेत लखूला ताप भरला, छातीत कळा येऊ लागल्या. सटवाजीची बहीण म्हाळसा म्हणाली, यंदा माझ्या पोराला राहू दे. सटवाजी म्हणाला, वाजवलं की दुखणं पळतं, आम्ही असेच शिकलो. मेला खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटायचं.

परतीच्या चढावर, काळ्या दगडापाशी, लखूनं मामाकडं पाहिलं. ओठावर रक्त होतं. सटवाजीला कळलं. पण पुढं पालखी, मागं सारा गाव. त्यानं मान हलवली, चल म्हणून. लखू चालला. पालखी देवळात टेकली तेव्हा सूर थांबला आणि लखूचा श्वासही.

तेराव्याला म्हाळसेनं एवढंच विचारलं, "दादा, त्यानं तुझ्याकडं बघितलं होतं ना?"

सटवाजी हो म्हणाला. त्यानंतर त्याच्या सनईतून नुसता वारा यायचा, असं म्हणतात.

पुढच्या जत्रेला सूर धरायला नवा शिष्य होता. चढावर सटवाजी पालखीपुढं आडवा पडला. पुजारी म्हणाला, देवी कोपेल.

"कोपू दे माझ्यावर. पोराला श्वास घेऊ द्या."

सूर थांबला. माणसं जीव मुठीत धरून उभी राहिली. तेवढ्यात दगडातूनच सूर उमटला, आणि पोरगं पाणी पिऊन, दम खाऊन उठेपर्यंत तो दगडानं धरला, असं म्हणतात.

आजही पालखी तिथं टेकते. वस्ताद शिष्याला विचारतो, "दुखतंय का?" शिष्य नाही म्हणतो. शिकणारं पोर दुसरं काय म्हणणार? म्हणून वस्तादानं त्याच्यापुढं गुडघे टेकून पुन्हा विचारायचं. हो म्हणाला, तर सनई काढून घ्यायची आणि पालखी मुकी न्यायची.

तशी ती दोन-तीनदा मुकी गेली आहे. गावावर अरिष्ट आलं नाही. लखूच्या वेळीही आलं नसतं.