विसाव्याची डोण

लहानांनी ऐकावी आणि थोरांनी मनाशी धरावी अशी ही एक फार जुनी गोष्ट. त्या काळी मासेसुद्धा कधीमधी बोलत, आणि माणसांना त्याचं नवल वाटत नसे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला एक तळं होतं, आणि तळ्यात बोटाएवढे मासे होते. माशाच्या कपाळावर चांदीचा ठिपका असे, म्हणून सगळा गाव त्याला टिकली म्हणे. टिकली कुणी खात नसे. तिच्यात खाण्यासारखं असणार काय? पण लोक आपापल्या आडात आणि हौदात चार-दोन टिकल्या आठवणीनं सोडत. पाण्यावर डासांच्या अळ्या दिसल्या की टिकल्या त्या मटकावत. त्यामुळे त्या गावाला हिवताप ठाऊकच नव्हता.

एका वर्षी तळ्याचा बांध फुटला. बघता बघता पाणी ओढ्याला लागलं आणि तळाचा चिखल उघडा पडला. माणसं टोपल्या घेऊन धावली. मोठे मासे ज्याच्या हाती लागले त्याचे झाले. चिखलात तडफडणाऱ्या टिकल्यांकडे मात्र कुणी वळून पाहिलं नाही.

पाहिलं ते एकट्या हैबतीनं. हैबती गावचा पाथरवट. जाती, पाटे आणि गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणी घडवायचं त्याचं काम. त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं, ओलं केलं आणि त्यात टिकल्या वेचायला सुरुवात केली.

"हैबतीदादा, एवढ्याशा माशांचं कालवण तरी कसं करणार?" लोक हसले.

"कालवण आजचं झालं. उद्या आडात काय सोडाल?" हैबती म्हणाला.

पण उद्याचा विचार करायला त्या दिवशी कुणालाच सवड नव्हती.

घरी येऊन त्यानं निम्म्या टिकल्या तांब्याच्या घंगाळात ठेवल्या आणि निम्म्या एका नव्या डोणीत. घंगाळातल्या उजाडेपर्यंत पोट वर करून मेल्या. डोणीतल्या तोंड वर काढून धापा टाकू लागल्या. हैबती कपाळाला हात लावून बसला.

त्याची बायको तानू ताक घुसळत होती. ती म्हणाली, "अहो, विरजणाशिवाय दही लागतं का? हे आडाचं पाणी कोरं आहे. त्यालाही विरजण लागत असेल."

तिनं तळ्याच्या डबक्यातला टोपलीभर गाळ आणि शेवाळ आणून डोणीत घातलं. पाणी गढूळ झालं, मग निवळलं, आणि राहिलेल्या टिकल्या शेपट्या हलवत फिरू लागल्या. हैबतीला हुरूप आला. त्यानं घडवून ठेवलेल्या सगळ्या डोणी पडवीत ओळीनं मांडल्या, प्रत्येकीत पाणी भरलं, प्रत्येकीला विरजण लावलं आणि पाणी मुरेपर्यंत धीर धरला. पडवीचं असं माशांचं घर झालं.

पण माशांची पिल्लं काही दिसेनात. याचं कारण सापडलं ते सारजाला. सारजा हैबतीची सून; तिचा नवरा दूरच्या खाणीवर दगड फोडायला गेलेला. घरात येऊन तिला वर्ष होत आलं होतं आणि तिला दिवस गेले होते. एके सकाळी डोणीवर वाकून ती म्हणाली, "मामंजी, अंडी घालतात आणि आपणच खातात हो!"

मग तिनं काथ्याची एक जुडी सोडवून मोकळी केली आणि डोणीत लोंबत ठेवली. टिकल्यांनी काथ्यात अंडी चिकटवली. सारजानं जुडी अलगद उचलली आणि दुसऱ्या डोणीत नेऊन ठेवली. थोड्याच दिवसांत त्या डोणीत पापणीच्या केसाएवढी पिल्लं सळसळू लागली. हैबती लहान मुलासारखा टाळ्या वाजवून हसला.

तेव्हापासून पडवीचं काम सारजाच्या हातात आलं. तांदळातले खडे वेचावेत तशी ती काथ्यातली अंडी वेची. बुरशी धरलेली टाकी, चांगली ठेवी. वाढलेली पिल्लं बारक्यांना खातील म्हणून त्यांना वेगळ्या डोणीत हलवी. हैबती दगड फोडणारा माणूस, त्याच्या जाड बोटांना ते जमत नसे. "आमच्या सूनबाईचा हात म्हणजे हात आहे!" असं तो येईल त्याला सांगे.

आणि येणारे पुष्कळ होते. तळ्याच्या डबक्यांतून डास उठले होते. गावात ताप शिरला होता. आज या घरात एक जण कुडकुडत निजला, उद्या त्या घरात दोघं. बांध बांधायला गेलेली माणसंही तापानं आडवी होऊ लागली आणि बांध अर्ध्यावर अडला. लोक लोटे घेऊन हैबतीच्या दारात उभे राहत. "आमच्या आडात दोन टिकल्या टाक रे बाबा!"

हैबतीला नाही म्हणता येत नसे. पिल्लं जरा मोठी झाली की तो वाटून टाकी, आणि दार पुन्हा माणसांनी भरे. मग तो टिकलीच्या माद्यांना नरांच्या डोणीतून बाहेरच काढीना. एक जुडी निघाली की लगेच दुसरी लोंबायची. सारजाही उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत डोणींपाशी उकिडवी बसे. तिचे पाय सुजले होते. पण पडवीत बघावं तिकडे पिल्लं होती, आणि हैबतीचं लक्ष पिल्लांकडे होतं.

सारजाला सातवा महिना लागला तसा तिचा भाऊ मुराळी म्हणून तिला न्यायला आला. गाडीत त्यानं मऊ गवत पसरलं होतं, वर गोधडी घातली होती.

"आईचे डोळे वाटेला लागलेत," तो म्हणाला. "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं."

"धाडतो ना," हैबती म्हणाला. "एवढी पिल्लं मोठी होऊ देत. तिच्याशिवाय इथं कुणाला जमत नाही. काय गं पोरी?"

सारजानं भावाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे पाहिलं. "राहते मी, मामंजी," ती म्हणाली आणि डोणीकडे वळली.

भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेला. तानूला राहवलं नाही. "अहो, पहिलटकरीण आहे ती."

"गाव तापानं फणफणलाय आणि तुला माहेरपण सुचतंय? तिनं आपणहून सांगितलं ना, राहते म्हणून?"

तानू आत निघून गेली. हैबतीला मनातून बरंच वाटलं. केवढी गुणाची सून, असं तो स्वतःशी म्हणाला.

पण त्यानंतर पडवीचं काहीतरी बिनसलं. जुड्या रिकाम्या निघू लागल्या. कधी अंडी मिळाली तर ती पांढरी पडून कुजत. हैबतीनं पाणी बदललं, खाणं वाढवलं, डोणी उन्हात सरकवल्या, पुन्हा सावलीत ओढल्या. काही उपयोग झाला नाही. एका दुपारी त्यानं पाहिलं, तर सगळ्यांत थोरली मादी तळाशी कुशीवर पडली होती. पडवीतली निम्मी पिल्लं तिचीच. नरांनी पिटाळून पिटाळून तिचे पर फाटले होते.

हैबती डोणीवर ओणवा झाला. "अगं, तुला झालं तरी काय?"

टिकली म्हणाली, "हैबती, मला असं एखादं पाणी दे, जिथं माझ्याकडे कुणी काही मागणार नाही."

"देतो. पण आड खोळंबलेत, माणसं तापलीत. एवढी एकच खेप दे."

"मागच्या खेपेलाही तू हेच म्हणालास."

"मग तेव्हाच नाही म्हणायचंस!"

"नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं, हैबती," टिकली म्हणाली, आणि तिनं तोंड मिटलं.

 हैबतीनं मान वर केली. ओळीतल्या शेवटच्या डोणीपाशी सारजा भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला होता, डोळे मिटले होते आणि काथ्याची जुडी हातातून निसटून भुईवर पडली होती. तीही कधी नाही म्हणाली नव्हती.

"पोरी!" त्यानं हाक मारली.

सारजा दचकून उठायला गेली आणि कोलमडली. हैबतीनं धावत जाऊन तिला सावरलं.  तानूनं सुईणीला बोलावून आणलं. आत दार लोटलेलं, बाहेर हैबती. पाणी मागायला आलेल्या गुरासारखा तो दाराशी नुसता उभा राहिला.

सुईण बाहेर आली. "बाळ हलतंय. पोरही सावरेल," ती म्हणाली.

हैबतीनं हात जोडले.

"पण तिला आता काम दिसता कामा नये," सुईण पुढे म्हणाली. "घरातलं नाही नि पडवीतलं नाही. जिथं ती सून आहे तिथं तिला विसावा मिळायचा नाही. जिथं लेक आहे तिथं न्या."

हैबतीनं शेजाऱ्याची गाडी मागून घेतली आणि बैल स्वतः हाकले. दगड चुकवत, चढावर थांबत तो सारजाला माहेरी घेऊन गेला. दारात तिची आई उभी होती. हैबती गाडीतून उतरला आणि खाली मान घालून म्हणाला, "विहीणबाई, मी उशीर केला."

सारजाच्या आईनं लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीला आत घेतलं, आणि मग वळून म्हणाली, "आणलीत ना? बसा, पाणी घ्या."

एवढ्या दोन शब्दांनी हैबतीच्या छातीवरची धोंड उतरली.

घरी परतून त्यानं एक नवी डोण घडवली, सगळ्या डोणींहून ऐसपैस. कडुनिंबाच्या सावलीत ती बसवली, मुरलेल्या पाण्यानं भरली, शेवाळ घातलं आणि थकलेल्या माद्या त्यात सोडल्या. त्या डोणीत त्यानं जुडी लोंबवली नाही.

लोटे घेऊन माणसं आली. हैबतीनं हात जोडले. "आज नाही. थोडं थांबावं लागेल."

"माझं पोर तापानं फणफणतंय आणि तू मासे निजवत बसलास?" एक जण ओरडला. हैबतीला ते फार लागलं. त्या माणसाचं चुकत नव्हतं. आत जाऊन एखादी मादी उचलून द्यावी असं त्याला वाटलंही. तो उठणार, तोच तानू पुढे झाली.

"टिकल्या येतील तेव्हा येतील," ती म्हणाली. "तोवर आपल्याला हात नाहीत का? हौदांवर फडकी बांधा. तळ्यातली डबकी बुजवा. चला, मीही येते."

बायका टोपल्या घेऊन तिच्या मागे निघाल्या. मघाशी ओरडणारा तो बापही खोरं घेऊन गेला. हैबती डबकी बुजवायला जाई आणि परत आला की पडवीत बसून अंडी वेचायला शिके. आधी त्याच्या बोटांत अंडी फुटत. मग कमी फुटू लागली. इतके दिवस सारजा काय करत होती ते त्याला तेव्हा उमगलं. त्याची पाठ भरून येई, डोळे चुरचुरत, आणि आपल्या पोटात तर मूलही नाही, एवढं तरी त्याला कळे.

डबकी बुजली तसे डास ओसरले. ताप उतरू लागला. त्या बापाचं पोर उठून अंगणात खेळायला लागलं. इकडे सावलीतल्या डोणीत थोरल्या मादीचे पर भरून आले. एके दिवशी ती नरांच्या डोणीकडच्या काठाशी येऊन पुन्हा पुन्हा घुटमळू लागली. हैबतीनं तिला अलगद उचलून तिकडे सोडलं. जुडी निघाली ती अंड्यांनी गच्च भरून.

बरी झालेली माणसं कामावर परतली आणि बांध पुरा झाला. ओढ्याचं पाणी तळ्यात साठलं. पडवीतल्या डोणी तर पिल्लांनी ओसंडत होत्या. साऱ्या गावानं मिळून टिकल्या तळ्यात सोडल्या, उरलेल्या आडाआडांत सोडल्या, आणि तरीही हैबतीच्या घरी बीज शिल्लक राहिलं. त्याच आठवड्यात मुराळी सांगावा घेऊन आला, "मुलगी झाली. दोघीही खुशाल आहेत." हैबतीनं त्याला पोटभर जेवू घातलं आणि स्वतःला मात्र आनंदाच्या भरात दोन घासही गेले नाहीत.

पुढे सारजा बाळाला घेऊन सासरी आली. अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तेज आलं होतं. बाळाला सासूच्या मांडीवर देऊन ती थेट पडवीत गेली आणि पदर खोचू लागली.

"अगं अगं, हात लावू नकोस! बस तू," हैबती धावत आला.

सारजा हसली. "मामंजी, बसून बसून कंटाळले. आता मलाच लावावासा वाटतोय."

तेव्हापासून त्या गावात टिकल्या पाळणारं प्रत्येक घर एक डोण विसाव्यासाठी राखू लागलं, आणि दारी आलेला मुराळी कधी रिकाम्या गाडीनं परतला नाही. त्या गावाला टिकल्या कधी कमी पडल्या नाहीत.

बोध: जो आपल्याला देतो, त्याला आधी विसावा द्यावा, थकल्या जिवाकडून ओढून घेतलेलं कुणालाच पुरत नाही.