'नाही'ला बंदी असलेले गलबत

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचे नाव आता कोणालाच आठवत नाही, आणि त्याचे वाईट वाटून घ्यायला राजाही उरलेला नाही.

त्या राज्यात डोंगरमाथ्यावर घोंगड्या विणणारे एक जोडपे राहत होते. त्यांना तीन लेकरे. थोरली मुलगी समजूतदार, मधला मुलगा खादाड आणि धाकटी हट्टी. धाकटी रोज विचारी, "समुद्र केवढा असतो?" बाप म्हणे, "आपल्या तळ्यासारखाच, पण पलीकडचा काठ नसलेला." धाकटीला हे काही पटत नसे. शेवटी एका वर्षी घोंगड्या बऱ्यापैकी विकल्या गेल्या, तेव्हा बापाने ठरवले की लेकरांना समुद्र दाखवायचाच.

बंदरात एक भले मोठे गलबत उभे होते. बेटाबेटांवरून हिंडवून प्रवाशांना परत आणणारे. मोठ्यांचे भाडे थोडे, लेकरांचे काहीच नाही. जिथे काहीच द्यावे लागत नाही तिथे जरा थांबून विचार करावा, एवढे शहाणपण डोंगरावरच्या माणसांना असते. पण समुद्र पाहिल्यावर डोके ठिकाणावर राहत नाही. पाचही जण फळीवरून आत गेले.

आत पाऊल टाकताच दवंडी ऐकू आली. "ऐका हो ऐका. हे लेकरांचं गलबत आहे. इथं कोणी लेकराला 'नाही' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याला कुटुंबासकट होडीत बसवून भर समुद्रात सोडून दिलं जाईल."

हा हुकूम नाखव्याचा, म्हणजे गलबताच्या मालकाचा. तो मोठा गोड हसायचा. "घरी तुम्ही उठता बसता लेकरांना नाही म्हणता," तो म्हणाला. "इथं तरी त्यांना सुखानं राहू द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकरांनी तर त्याला देव्हाऱ्यात बसवायचेच बाकी ठेवले.

गलबतावर दुकानेच दुकाने होती. साखरेचे हत्ती, शिंपल्यांच्या माळा, वाऱ्यावर गरगरणाऱ्या भिंगऱ्या. पैसे कोणी मागत नसे. लेकराने हात पुढे करायचा, दुकानदाराने तळव्यावर मेंदीचा एक ठिपका काढायचा, की वस्तू लेकराची. हिशेब शेवटच्या बंदरात, आईबापांनी द्यायचा. मेंदी रंगायचीही छान, त्यामुळे ज्याच्या हातावर ठिपके जास्त तो मुलांमध्ये मोठा. संध्याकाळपर्यंत मधल्याचा तळवा निम्मा भरला होता आणि पोट पूर्ण. धाकटीने एक भिंगरी घेतली, मग दुसरी घेतली, कारण पहिली लाल होती.

आई बघत होती. 'नाही' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत येई आणि दातांआड परत जाई.

"असू दे गं," बाप म्हणाला. "हौसेला मोल नसतं."

"हे विकणाऱ्यानंच म्हणून ठेवलं असेल," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखे लोंबत होते, तरी गलबत मात्र सरसर चालले होते. हे कसे काय, ते बघायला आई जिना उतरून तळाशी गेली. तिथे ओळीने बाके मांडलेली होती आणि बाकांवर बाया आणि पुरुष वल्ही मारत बसले होते. कोणाच्या डोक्याला जरीचा फेटा होता, कोणाच्या नाकात नथ होती. चाकरीची माणसे अशी नसतात.

"तुम्ही कोण?" आईने विचारले.

"प्रवासी. तुमच्यासारखेच," फेटेवाला म्हणाला. "लेकरांचा हिशेब आला तेव्हा आमच्याजवळ तेवढं नव्हतं. नाखवा म्हणाला, वल्हं मारून फेडा. दिवसाला एक ठिपका फिटतो."

"मग कधी सुटणार?"

"कशाचं सुटतोय. लेकरं वरच आहेत ना. आम्ही एक फेडतो तोवर ती दोन काढून घेतात. त्यांना सांगितलंय, आईबाप खाली आराम करताहेत."

"मग तुम्ही त्यांना नाही का म्हणत नाही?"

"लेकरांना घेऊन होडीत मरायला?" फेटेवाल्याने खाली पाहिले. "आणि खरं सांगू का बाई, आता ते तोंडातही येत नाही."

आईला राग आला. नाखव्याचा आला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचा त्याहून जास्त आला. तिनेही वाजवल्या होत्या.

ती वर गेली आणि तिन्ही लेकरांना घेऊन खाली आली. एका रिकाम्या वल्ह्यावर तिने मधल्याचे हात ठेवले. "ओढ." मधल्याने ओढले. दहा-बारा वेळा ओढल्यावर त्याला धाप लागली.

"तुझ्या हातावरचा एक ठिपका म्हणजे दिवसभर हे," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनी करायचं."

मधल्याने तळव्यावरचे ठिपके एकेक करून मोजले. मग म्हणाला, "पण आई, मला ते सगळं हवं वाटतं."

"वाटू दे. हवं वाटण्यात काही वाईट नाही. ती शिंपल्यांची माळ मलाही हवीशी वाटली."

"त्यापेक्षा तू आम्हाला सरळ नाही म्हण ना," थोरली म्हणाली. "मग आमची सुटका होईल."

"मला 'नाही' म्हणायची बंदी आहे," आई म्हणाली. "पण तुम्हाला 'नको' म्हणायची बंदी कुणी घातलीय? 'नाही' दुसऱ्यानं आपल्याला म्हणायचं असतं. 'नको' आपलं आपण म्हणायचं असतं. बाबांनी जादाच्या घोंगड्या आणल्यात. त्यात आतापर्यंतचे ठिपके फिटतील आणि वर प्रत्येकाला एक वस्तू घेता येईल. कोणती घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्यावर बोलणार नाही."

लेकरे वर आली. भिंगरीवाल्याने धाकटीला बघून सोनेरी भिंगरी पुढे केली. धाकटीने ती डोळे भरून पाहिली. मग ती म्हणाली, "नको."

"अगं, सोन्याच्या पाण्याची आहे."

"दिसतंय. नको."

भिंगरीवाल्याने कानात बोट घालून हलवले. या गलबतावर हा शब्द त्याने कधी ऐकलाच नव्हता. बाकीची पोरे आधी हसली. मग त्यांतल्या एका मुलीने धाकटीला खोदून खोदून विचारले आणि ती खाली गेली. आराम करणाऱ्या आपल्या आईच्या हातांवरचे फोड बघून ती परत आली, आणि पुढच्या दुकानदाराला तिने इतक्या मोठ्याने 'नको' म्हटले, की माळांमधले शिंपले हलले. संध्याकाळपर्यंत गलबतावर दुसरा शब्द ऐकू येईना. शर्यत लागली होती, आणि या शर्यतीत ज्याचा हात कोरा तो मोठा.

नाखवा धावत आला. आज त्याच्या तोंडावर हसू नव्हते. "माझ्या गलबतावर 'नाही'ला बंदी आहे, माहीत नाही का?"

"मी कुठं नाही म्हटलं?" धाकटी म्हणाली. "मी नको म्हटलं."

लोक हसले. नाखव्याचा तिळपापड झाला. त्याने तिथल्या तिथे दवंडी पिटवली, "या क्षणापासून 'नको'लाही बंदी आहे हो."

भिंगरीवाल्याने घाबरत घाबरत पुन्हा सोनेरी भिंगरी पुढे केली. धाकटी काही बोलली नाही. तिने फक्त मूठ मिटून घेतली. तिच्या शेजारच्या मुलीने मिटली. मग त्या ओळीतल्या सगळ्यांनीच मिटली. शब्दाला बंदी घालता येते, मुठीला कशी घालणार?

नाखव्याने घालून पाहिली. त्याने धाकटीचे मनगट धरले आणि तो ओरडला, "मूठ उघड."

आई दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "नाही."

"हुकूम माहीत आहे ना, बाई?"

"आहे. लेकरांना 'नाही' म्हणायची बंदी आहे. तुम्ही काही लेकरू नाही. मी तुम्हाला म्हणतेय. नाही. तिचा हात सोडा."

"होडी सोडा रे पाण्यात," नाखवा गरजला. "या पाचांना बसवा तिच्यात."

तेवढ्यात गलबत थांबले. वाऱ्याचा मागमूस नव्हता आणि खालची वल्ही कोणीतरी पाण्याबाहेर काढली होती. मग जिन्यावर पावले वाजली. जरीचा फेटा वर आला, नथ वर आली, फोड आलेले हात वर आले, आणि सगळे जण आईच्या मागे उभे राहिले. फेटेवाल्याने तोंड उघडले, पण शब्द निघेना. त्याने पुन्हा प्रयत्न केला.

"नाही," तो म्हणाला.

मग बाप म्हणाला, नथवाली म्हणाली, आणि ज्यांनी पहिल्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या तेही म्हणाले.

नाखवा आधी ओरडला, मग त्याने गोड बोलून पाहिले, मग तो रडलाही. पण समुद्राच्या मधोमध थांबलेले गलबत रडण्याने चालत नाही. प्यायचे पाणी संपत आले, तेव्हा दुकानदारच त्याला म्हणू लागले, "मालक, मिटवा आता." शेवटी त्याने सगळ्यांचे वल्ह्याचे देणे माफ केले. त्याला पहिल्या बाकावर बसवण्यात आले. परत जायचे सगळ्यांनाच होते, म्हणून बाकीचेही पाळीपाळीने त्याच्या शेजारी बसले. बंदर येईपर्यंत त्याच्या तळव्यांवर इतके फोड आले, की त्याला हाताने भात कालवता येईना.

घोंगडीवाल्यांनी मात्र आपल्या लेकरांचे ठिपके घोंगड्या मोजून फेडले. घेतले त्याचे द्यायचेच, यात आईने कोणाचे ऐकले नाही. मधल्याने आपली एक वस्तू म्हणून साखरेचा हत्ती घेतला. डोंगर चढेपर्यंत तो पाघळून गेला. आई त्यावर एक शब्द बोलली नाही. मधला बोटे चाटत राहिला आणि काय ते समजला.

पुढे ते गलबत पुष्कळ दिवस बंदरात नुसतेच उभे होते. दवंडी पिटली जायची, लेकरांना भाडे नाही, लेकरांना बंदी नाही. भोळे आईबाप फळीपर्यंत यायचेही. पण ही गोष्ट पोरापोरांत केव्हाच पसरली होती. लेकरेच त्यांचा हात घट्ट धरून मागे ओढायची आणि म्हणायची, "नको."

म्हणून लेकराला जन्मभर 'नाही' म्हणत बसण्यापेक्षा त्याला एकदा 'नको' म्हणायला शिकवावे.